जुन्या गाडीचा चोक: ओढायचा कधी, सोडायचा कधी

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या चोकला कपड्यांचा चिमटा लावलेला असायचा. निळा, प्लॅस्टिकचा, गच्चीवरच्या दोरीवरून उचललेला. चोकची खुंटी ओढून धरली नाही तर आपली आपण आत जायची, कारण तिला अडवून धरणारी खाच झिजून गेली होती. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे सहाला अण्णा खुंटी ओढायचे, तिच्या दांडीवर चिमटा बसवायचे आणि मग सेल्फ मारायचे. इंजिन दोनदा खोकायचं आणि तिसऱ्यांदा पकडायचं. दोन-तीन मिनिटांनी चिमटा काढून तो समोरच्या खणात ठेवायचा, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. एकदा मी गाडी घेऊन सिन्नरला निघालो आणि नेमकं तेच विसरलो.

शिंदे-पळसे ओलांडेपर्यंत पिकअप गेला. गाडी मिस मारायला लागली. मागून आलेल्या मोटरसायकलवाल्यानं शेजारी येऊन हातानंच 'मागे बघ' अशी खूण केली. आरशात पाहिलं तर काळा धूर. सिन्नरला पोचून प्लग काढले, चारही तव्याच्या बुडासारखे. यावर पुढे एका गॅरेजात 'कायमचा इलाज' झाला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? चोक लागतोच कशाला?" आणि त्यानं कार्बोरेटरमधली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातली, चोकची झडपच काढून टाकली. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

आता वाटतं, त्यानं रोगी सोडून थर्मामीटर फोडला. खाच झिजली होती केबलची, विसरलो होतो मी, आणि शिक्षा झाली चोकला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत ही गोष्ट फार घडते, म्हणून चोक नेमकं करतो काय, हे एकदा नीट समजून घेऊ.

पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. द्रव पेट्रोल सिलिंडरमध्ये गेलं तरी ते तसं पेटत नाही, त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण जमलं की सगळं पेट्रोल आणि सगळा प्राणवायू एकमेकांत संपतात. गरम इंजिनात हे प्रमाण जमवणं कार्बोरेटरला अवघड नसतं. थंड इंजिनात हिशेब फिसकटतो, कारण पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांना उडू लागतात, जड घटकांना दोनशेच्या आसपास तापमान लागतं. पहाटेच्या गार इंजिनात फक्त हलके घटक वाफ होतात. बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, थंड भिंतीला चिकटतं आणि तिथेच ओघळत राहतं. कार्बोरेटरनं १ भाग पेट्रोल मोजून दिलेलं असतं, पण ठिणगीपर्यंत त्याचा एक तुकडाच वाफेच्या रूपात पोचतो. प्लगला दिसतं ते मिश्रण इतकं पातळ असतं की पेटतच नाही.

ज्यांच्या घरी हवा भरायचा रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी काकडा भिजवून बर्नरला लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मगच पंप मारायचा. घाई केली तर गार बर्नरमधून रॉकेल द्रवरूपातच उडायचं आणि पिवळा भडका छताकडे जायचा. तापलेल्या बर्नरमध्ये मात्र तेच रॉकेल वाफ होऊन निळं, सुरसुरत जळायचं. थंड इंजिन म्हणजे काकडा न लावलेला स्टोव्ह. इंजिनाला काकडा लावता येत नाही, म्हणून आपण दुसरी युक्ती करतो: पेट्रोलच इतकं जास्त द्यायचं की त्यातला उडून जाणारा हलका भागच पुरेसा व्हावा. कडक थंडीत पहिल्या काही फेऱ्यांना ४ भाग हवेला १ भाग पेट्रोल इतकं घट्ट मिश्रणही द्यावं लागतं. म्हणजे नेहमीच्या तिपटीहून जास्त पेट्रोल.

हे जास्तीचं पेट्रोल आणायचं कुठून? इथे नावातच उत्तर आहे. चोक म्हणजे गळा आवळणं. कार्बोरेटरच्या नळीला मध्ये कंबर असते. हवा त्या अरुंद जागेतून वेगानं जाते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, वर ओढलं जातं. पण सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम शे-दीडशे फेरे फिरतं. स्लोवर चालतानासुद्धा ते आठ-नऊशे असतात. इतक्या मंद फिरण्यानं हवेला वेगच येत नाही, ओढ निर्माण होत नाही, आणि नेमकं जेव्हा पेट्रोल सर्वात जास्त हवं असतं तेव्हाच ते सर्वात कमी येतं. मग कंबरेच्या वरच्या बाजूला एक गोल झडप असते ती आपण बंद करतो. पिस्टन खालून ओढतायत, वरून हवा यायला वाट नाही. साहजिकच ती सगळी ओढ पेट्रोलच्या जेटवर येते.

चोक ओढला की पेट्रोलचा नळ मोठा होतो, असं बरेच जण समजतात. झडपेच्या कार्बोरेटरमध्ये नळ आहे तेवढाच राहतो, आपण हवा अडवतो. तोंडात दोन स्ट्रॉ धरून एक उसाच्या रसात आणि एक ग्लासाबाहेर ठेवला तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. बाहेरच्या स्ट्रॉवर बोट ठेवा, लगेच रस येतो. ते बोट म्हणजे चोक.

सगळ्या गाड्यांत झडप असतेच असं मात्र नाही. मॉरिस मायनर, मिनी, एमजी यांच्यावर एसयू कार्बोरेटर असतात. त्यात जेटमध्ये एक निमुळती सुई असते. चोक ओढला की जेट खाली सरकतो, सुईचा बारीक भाग समोर येतो आणि पेट्रोलला जायला खरोखरच जास्त वाट मिळते. म्हणजे तिथे नळ मोठा होतो. शिवाय पहिला थोडा ओढा फक्त इंजिनाचे फेरे वाढवतो, जेट त्यानंतर हलतो. मायनर गार असताना थोडासाच चोक ठेवून चालवायची सोय ही अशी. सोलेक्सच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत तर बाजूला एक छोटा वेगळा कार्बोरेटरच असतो, त्याला स्टार्टर म्हणतात. खुंटी ओढली की एक चकती फिरते आणि तो चालू होतो. असा कार्बोरेटर असेल तर वरून डोकावल्यावर झडप दिसणार नाही, आणि 'कुणीतरी चोक काढून टाकलाय' असं वाटून उगाच कुणाशी भांडायला जाल. आमच्या पद्मिनीचा मूळ कार्बोरेटर कधीच गेला होता, बदली बसवलेल्यात झडप होती. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत कंपनीनं दिलेलंच सगळं असेल असं धरून चालू नये. आधी एअर फिल्टर काढून आत काय आहे ते बघावं.

आता वापराबद्दल. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना खुंटी पूर्ण ओढायची, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही, सेल्फ मारायचा. पाय का नको? झडप बंद असताना ओढ जेटपर्यंत पोचायची तर खालची थ्रॉटलची झडप, म्हणजे पेडल दाबल्यावर उघडते ती, किंचितच उघडी असावी लागते. ती किती उघडी असावी हे चोकची केबलच ठरवते, कारण बहुतेक कार्बोरेटरमध्ये चोकबरोबर थ्रॉटल किंचित उघडणारी एक छोटी काडी जोडलेली असते. चोक ओढल्यावर इंजिन जरा जोरात घुमतं ते त्यामुळे. इंजिन पकडलं की लगेच, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांत, खुंटी निम्मी आत. इथे बहुतेकांची चूक होते. गाडी सुरू झाल्यावर ओढ एकदम वाढते, आणि पूर्ण मिटलेली झडप मग पेट्रोलचा पूर आणते. त्यानंतर गाडी हलवायची. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्यापेक्षा हळूहळू चालवत तापवलेलं बरं, चोक कमी वेळ लागतो. एक-दीड किलोमीटरमध्ये खुंटी पूर्ण आत गेलेली असावी.

किती आत ढकलायची हे घड्याळ नाही, इंजिन सांगतं. खुंटी थोडी आत ढकलल्यावर इंजिन अडखळलं, कार्बोरेटरमधून 'फट्' असा आवाज आला, तर घाई झाली. मिश्रण अजून पातळ आहे, थोडी बाहेर घ्या. उलट इंजिन जड, गुदमरल्यासारखं, लयीत डुलत चालायला लागलं आणि मागे धूर काळा व्हायला लागला, तर उशीर झाला. अण्णांना हे कानानं कळायचं. अंगणात दात घासता घासता ते ओरडायचे, "अरे, चोक मार आत."

आणि उशीर म्हणजे फक्त पेट्रोल वाया गेलं असं नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. ते पेट्रोल पुढे रिंगांच्या बाजूनं उतरून खालच्या तेलात मिसळतं, तेल पातळ होतं, आणि बेअरिंगांचं काम बिघडतं. हे तपासायला काही लागत नाही. डिपस्टिक काढा, वास घ्या, थेंब दोन बोटांत चोळा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, बोटांत चिकटपणा लागत नसेल, किंवा तेल न घालताच पातळी वर चढलेली असेल, तर तुमचा चोक कुठेतरी अडकून बसलाय. किंवा मागच्या सहा महिन्यांत कुणीतरी चिमटा विसरलाय.

मग चोक बंद करून टाकायचा विचार लोकांच्या डोक्यात येतो तरी का? मुंबईपुरतं त्याला खरंखुरं कारण होतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, आणि सीएनजी मुळात वायूच असतो. वाफ व्हायचा प्रश्नच नाही, थंड भिंतीला चिकटणं नाही, म्हणून चोकही नको. शिवाय मुंबईतली हिवाळ्याची पहाटही बहुधा पंधरा अंशांच्या वर. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्स्यांनी एक पिढी शिकवून ठेवली की पद्मिनीला चोक लागत नाही. ते खरं होतं, त्या इंधनावर आणि त्या शहरात. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांखाली उतरतो तेव्हा पेट्रोलवरच्या गाडीला ते लागू पडत नाही.

पेट्रोलवरसुद्धा चोकशिवाय गाडी सुरू होते, हेही खोटं नाही. पेडल दाबलं की कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. सेल्फ मारण्याआधी दोन-तीनदा पेडल दाबलं की मॅनिफोल्डमध्ये तेवढं जास्तीचं पेट्रोल पडतं आणि इंजिन पकडतं. रेसच्या गाड्यांवर वेबरचे जुळे कार्बोरेटर असतात त्यांचे चालक हेच करतात, चोकची यंत्रणा बहुधा बंदच करून ठेवलेली असते. पण पिचकारीनं इंजिन सुरू होतं, चालू राहत नाही. पुढची दोन मिनिटं पायानं रेस देत बसावं लागतं, आणि पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडते. झडप काढल्यावर आमचं नेमकं तेच झालं. अण्णा एका पायानं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळत कॉलेज रोडच्या सिग्नलला उभे असायचे, टाच इकडे, चवडा तिकडे. सत्तरीच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे जरा अतीच.

भरीला इथेनॉल. २०२५ पासून देशभर पंपांवर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या १ भागाला जळायला हवा लागते फक्त ९ भाग, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुने जेट मात्र निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानं पाडलेले, त्यामुळे मिश्रण आधीच थोडं पातळ. त्यात इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, ती तो मॅनिफोल्डकडूनच खेचून घेतो. म्हणजे गार इंजिनाला चोकची गरज वाढली, आणि आपण नेमका आता तो काढून ठेवलेला. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे यांचं काय होतं हा वेगळा आणि जास्त दुःखाचा विषय आहे.

चोक बंद करायची सगळ्यात जास्त घाई होते ती ऑटोमॅटिक चोकच्या गाड्यांत. आपल्याकडे जपून ठेवलेल्या परदेशी, विशेषतः अमेरिकन गाड्यांत तो सापडतो. खुंटी नसते. दोन धातूंची पट्टी गुंडाळून केलेली एक स्प्रिंग असते, थंडीत ती झडप मिटते, तापली की उलगडून झडप उघडते. तिला ऊब कुठे सायलेन्सरच्या बाजूनं आलेल्या गरम हवेच्या नळीतून मिळते, कुठे रेडिएटरच्या पाण्यातून, कुठे विजेच्या तारेतून. नळी गंजून फुटली, की स्प्रिंगला ऊब मिळत नाही आणि चोक दिवसभर अर्धा मिटलेला राहतो. विजेचा चोक कुणीतरी ठिणगीच्या कॉइलवरून जोडलेला असतो, मग त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि कॉइलचेही कमी होतात. या दोन्ही गोष्टी तासाभरात दुरुस्त होणाऱ्या आहेत. पण गॅरेजातलं निदान ठरलेलं: ऑटो चोक खराब असतो, काढून टाका. बाय द वे, अशा गाडीत सेल्फ मारण्याआधी पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडावं लागतं, त्याशिवाय चोक लागतच नाही. निम्म्या तक्रारी या एका दाबानं मिटतात.

तरीही बंद करायचाच असेल, भाग मिळत नसेल किंवा गाडी फक्त उन्हाळ्यात निघत असेल, तर झडप काढू नका. ती पूर्ण उघडी ठेवून बारीक तारेनं बांधा. झडपेच्या दोन छोट्या स्क्रूंची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात, म्हणजे ते सुटू नयेत. पक्कड लावून काढायला गेलं की एखादा तुटतो, आणि खाली काय आहे? उघडा गळा, त्याखाली मॅनिफोल्ड, त्याखाली व्हॉल्व्ह आणि पिस्टन. दीड रुपयाच्या स्क्रूपायी हेड उतरवावं लागतं. झडपेचा दांडाही काढला तर बॉडीला दोन भोकं उरतात, आणि फिल्टरला वळसा घालून धूळ तिथून आत जाते. ऑटोमॅटिक चोकला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढलीत तर तिचं तोंड बुजवा, नाहीतर इंजिन तिथून चोरून हवा ओढतं आणि स्लो कधीच सेट होत नाही. माझ्या मते मधला मार्ग सगळ्यात शहाणा: ऑटोमॅटिकच्या जागी केबलचा हाताचा चोक बसवणं. बऱ्याच कार्बोरेटरना त्याचा जोड मिळतो.

गरम इंजिनाचं मात्र सगळं उलट. कसारा घाट चढून चहाला थांबलात, वीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी घेत नाही. इथे हात चोककडे गेला की संपलं. बंद इंजिनाच्या धगीनं फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. मिश्रण आधीच घट्ट आहे, त्यात तुम्ही हवा आणखी अडवणार. चोक पूर्ण आत, पेडल हळूच तळापर्यंत दाबून तिथेच धरायचं, आणि सेल्फ. पेडल वरखाली करायचं नाही, प्रत्येक दाबाला पिचकारी उडते. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की हवा भरपूर येते आणि जास्तीचं पेट्रोल वाहून नेते. चोक ओढून ओढून ओव्हर केलेल्या गाडीलाही हाच उपाय. पाच-सात सेकंद सेल्फ, मग थांबा, सेल्फलाही तापायची सवय असते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली तरी करू नका: फिल्टर काढून गळ्यात बाटलीच्या टोपणानं पेट्रोल ओतणं. पातळ मिश्रणावर इंजिन उलटं फटका मारतं आणि ज्वाळा गळ्यातून वर येते. हातात टोपण, दुसऱ्या हातात उघडी बाटली. नाशिकरोडला एका माणसाच्या भुवया गेलेल्या मी पाहिल्यात, आणि तो नशीबवान होता.

आमच्या गाडीला मागच्या वर्षी जुन्या बाजारातून तसाच एक कार्बोरेटर आणून त्याची झडप बसवली, नवीन केबल टाकली. केबल साठ सेंटीमीटरच्या आसपास, मडगार्डच्या आतून वळवून नेली तर घासत नाही. खुंटी आता ओढलेल्या जागी थांबते. तरी अण्णांनी तो निळा चिमटा खणातून काढू दिलेला नाही.